महिला वॉर्डातला व्हॉल्व्ह

१

बाहेर व्हरांड्यात मंत्री फीत कापत होते आणि आत महिला वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर, एका बाईचे ओठ निळे पडत होते.

फीत होती नव्या ऑक्सिजन प्रकल्पाची. प्रकल्प सुरू होऊन कित्येक महिने लोटले होते, पण मंत्र्यांना सवड झाल्याशिवाय सरकारी वस्तूचा जन्म झाला असं धरत नाहीत. त्या निमित्ताने आदले दोन दिवस रुग्णालयाला रंग फासण्याचं काम चाललं होतं. दारं हिरवी, कठडे हिरवे, आणि जे जे लोखंडाचं दिसेल ते पिवळं. घाई एवढी की रंगाऱ्यांनी कुलपंसुद्धा सोडली नाहीत. अधीक्षकांच्या पँटला हिरवा पट्टा लागला होता, नातेवाइकांचे तळवे हिरवे झाले होते आणि वॉर्डाच्या प्रमुख परिचारिकेच्या, म्हणजे मोठ्या सिस्टरांच्या, कोपराला पिवळा डाग पडला होता.

मोठ्या सिस्टरांना डागाकडे बघायला फुरसत नव्हती. खाटेवरची बाई शिवणकाम करून घर चालवणारी, फुप्फुसाच्या आजारातून नुकती सावरत होती. तिच्या उशाशी पाण्याची बाटली होती. भिंतीतून येणारा ऑक्सिजन त्या बाटलीतून बुडबुडत नळीत जायचा. ते बुडबुडे थांबले होते. शेजारच्या खाटेचेही थांबले होते, पलीकडचेही.

सिस्टरांनी आरडाओरडा केला नाही. श्वास देण्याची हातपिशवी बाईच्या तोंडावर धरून त्या दाबू लागल्या आणि बाकीच्या मुलींना कोपऱ्यातली राखीव नळकांडी ढकलत आणायला सांगितलं. एकेक खाट सांभाळून होईपर्यंत सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मग शिवणवाल्या बाईचे ओठ हळूहळू माणसात आले, आणि जरा वेळाने भिंतीतला ऑक्सिजनही गेला तसा आपणहून परत आला.

सिस्टर भिंतीला टेकून उभ्या राहतात न राहतात तोच बांधकाम खात्याचे इंजिनिअर घाम पुसत आत आले. सगळ्यांच्या देखत त्यांनी सांगितलं की कॉरिडॉरमधल्या पेटीतला वॉर्डाचा व्हॉल्व्ह कोणीतरी बंद करून ठेवला होता, तो त्यांनी आत्ताच उघडला.

पेटीची एक किल्ली इंजिनिअरांकडे होती. दुसरी सिस्टरांच्या कमरेला लटकत होती.

२

संध्याकाळी निलंबनाचा हुकूम हातात पडला. अधीक्षकांनी तो वॉर्डाच्या मधोमध, पेशंट आणि नातेवाइकांसमोर वाचून दाखवला. आपण किती कडक आहोत ते मंत्र्यांच्या कानावर जावं हा हेतू. पेटीला त्यांनी स्वतःच्या हाताने लाखेचं सील ठोकलं, पुरावा म्हणून.

हुकमाचं सिस्टरांना एवढं लागलं नाही. लागलं ते शिवणवालीच्या सासूचं बोलणं. म्हातारी दारात उभी होती. ती म्हणाली, "तुमच्या भरवशावर सून सोडून मी दोन घास खायला गेले होते, सिस्टर." एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवलं. आयुष्यभर या वॉर्डात घालवलेल्या बाईला त्यापेक्षा मोठी शिक्षा कोणता अधिकारी देणार?

घरी नणंदेचा फोन आला, आता चार लोकांत तोंड कसं दाखवायचं म्हणून. नवऱ्याने फोन घेतला आणि तुझं तोंड आहे तसंच दाखव, कोणी दचकणार नाही, असं सांगून ठेवून दिला. माणूस तसा अबोल. पण निलंबनानंतरही तो रोज सकाळी बायकोचा पांढरा गणवेश इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकत होता. सिस्टर एकदा त्याच्यावर चिडल्या, की कशाला हा देखावा. तो म्हणाला, सवय आहे, आणि कॉलरची घडी पुन्हा दाबली.

त्याच खुर्चीसमोर एका सकाळी एक किडकिडीत गृहस्थ येऊन बसले. दक्षता खात्याचे चौकशी अधिकारी. खात्यात त्यांना सगळे शंकासुर म्हणत आणि त्यांनाही ते नाव ठाऊक होतं. एका कानाने त्यांना कमी ऐकू येई, त्यामुळे प्रत्येकाला आपलं म्हणणं दोनदा सांगावं लागे. कान खरंच अधू होता की सोंग, हे त्यांच्या बायकोलाही नक्की सांगता आलं नसतं.

त्यांनी सिस्टरांना एकच गोष्ट विचारली, व्हॉल्व्ह तुम्ही बंद केलात का. सिस्टर नाही म्हणाल्या. त्यांनी कान पुढे केला. सिस्टर पुन्हा तेवढंच म्हणाल्या, नाही.

"मग चला," शंकासुर उठले. "गणवेश घाला. चौकशीभर तुम्ही माझ्याबरोबर राहायचं."

आरोपीने चौकशीत फिरायचं असा नियम नाही, हे सिस्टरांनी सांगून पाहिलं. शंकासुर म्हणाले की सासूसुनेच्या भांडणात सुनेला खोलीबाहेर ठेवलं की सासूच जिंकते, हा अनुभव आहे.

आणि पायरी उतरता उतरता, सहज बोलावं तसं, त्यांनी सांगितलं की उद्या खात्याचे सचिव येणार आहेत. उद्यापर्यंत काही सापडलं नाही, तर खटला सिस्टरांवर उभा राहणार होता.

३

अधीक्षकांनी सगळ्या गोष्टींबाबत कानावर हात ठेवले. प्रकल्पाचं काम कंत्राटदाराचं, तपासणी इंजिनिअरची, आपण फक्त सही केली. कशावर सही केली ते वाचलं होतं का, या प्रश्नावर त्यांना एक तातडीची मीटिंग आठवली. सिस्टरांशी त्यांचं पूर्वीपासून वाजत होतं, कारण औषध संपलं की त्या अधीक्षकांच्या खोलीतच येऊन उभ्या राहत. ते वैर त्यांनी लपवलंही नाही.

इंजिनिअर मात्र बोलायला उत्सुक होते. घटनेच्या आदल्या दिवशी सिस्टरांनी पेटी उघडून दिली होती, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. ते खरंच होतं. रंगाऱ्याला पेटी आतून रंगवायची होती म्हणून सिस्टरांनी किल्ली दिली आणि काम झाल्यावर लगेच परत घेतली. पण इंजिनिअरांच्या तोंडी ते वेगळंच वाटत होतं.

"ऑक्सिजन गेल्याचं कळताच मी पेटीकडे धावलो," इंजिनिअर म्हणाले. "व्हॉल्व्ह बंद होता. मी उघडला."

शंकासुरांनी कान पुढे केला.

"व्हॉल्व्ह बंद होता," इंजिनिअरांनी आवाज चढवला. "चांगला कडक झाला होता. दोन्ही हातांनी जोर लावून फिरवावा लागला."

दुसऱ्या वेळी सांगताना गोष्टीला शेपूट फुटलं होतं. शंकासुरांनी मान डोलावली आणि सगळ्यांना पेटीपाशी नेलं. अधीक्षकांनी आपलं सील जसंच्या तसं असल्याची खात्री केली, मोठ्या अभिमानाने केली, आणि ते फोडलं. त्या दिवशी पेटी बंद करून सील ठोकलं तेव्हापासून आत कोणाचा हात गेला नव्हता. रंगारीसुद्धा आदल्या संध्याकाळीच मंत्र्यांच्या विश्रामगृहाच्या कामावर गेले होते, ते पुन्हा इकडे फिरकलेच नाहीत.

पेटीच्या आत सगळं पिवळंजर्द होतं. पाइप पिवळा, व्हॉल्व्हचा दांडा पिवळा, दांडा जिथे व्हॉल्व्हला मिळतो तो सांधाही पिवळा. जाड रंगाचा एकसलग थर, कुठे रेघ नाही की टवका नाही. शंकासुर बराच वेळ नाक लावून बघत राहिले. सिस्टरही बघत होत्या, पण त्यांना त्यात गाफील रंगाऱ्याच्या हातापलीकडे काही दिसलं नाही.

"रंग छान लागलाय," शंकासुर म्हणाले आणि पेटी पुन्हा सील करायला लावली. मग पेटीतून निघणारा पाइप नजरेने धरत त्यांनी अधीक्षकांना विचारलं की हा कॉरिडॉर संपतो तिथे मागच्या जिन्याजवळ काय आहे.

उत्तर अधीक्षकांनी दिलं नाही. मागून आलेल्या कंत्राटदाराने दिलं. "काही नाही साहेब. भंगार."

४

कंत्राटदार गोडबोल्या होता. सिस्टरांची त्याने आपुलकीने चौकशी केली, चूक माणसाकडूनच होते म्हणून सांत्वन केलं आणि मग सगळ्यांना प्रकल्प दाखवायला नेलं. आवारात पत्र्याच्या शेडखाली यंत्र घरघरत होतं. आवाज असा की बोललेलं ऐकू येऊ नये. हवेतला ऑक्सिजन वेगळा करून पाइपातून थेट वॉर्डात, एक पैसुद्धा वाया नाही, असं तो ओरडून सांगत होता. शंकासुर त्याला दोनदा ओरडायला लावत होते.

यंत्रापाशी मामा उभे होते. रुग्णालयातला जुना पंप चालवणारा हा माणूस नव्या प्रकल्पावर कंत्राटदाराने उचलला होता. सगळे त्यांना मामा म्हणत आणि ते मोठ्या सिस्टरांना ताई म्हणत. आज त्यांनी ताईंकडे पाहिलं नाही. त्यांच्या खाकी सदऱ्याच्या उजव्या खांद्यावर हिरव्या रंगाचा पसाभर डाग होता आणि तो हात ते अंगाशी धरून होते. जिन्यावरून पडलो, ते म्हणाले. शंकासुरांनी पुन्हा विचारलं तेव्हा मामा म्हणाले, घसरलो.

परतताना शंकासुर सरळ मागच्या जिन्याकडे वळले. तिथे दोन हिरवी दारं समोरासमोर होती. डावीकडे जुनी वीजखोली, उजवीकडे भंगारखोली. कंत्राटदार म्हणाला की दोन्ही कित्येक वर्षं उघडलेली नाहीत, किल्ल्या कुठे गेल्या देव जाणे.

डाव्या दारावर रंगाचा थर दार आणि चौकट मिळून एकच झाला होता, दुधावर साय धरावी तसा. उजव्या दाराला ती साय नव्हती. चौकटीभर रंग फाटला होता, काठाचं लाकूड पिंजलं होतं, आणि उंचीने माणसाच्या खांद्याएवढ्या जागी रंग पुसला गेला होता.

सिस्टरांनी दाराकडे पाहिलं. मग त्यांना मामांचा खाकी सदरा आठवला. या जिन्याजवळून रोज पहाटे धुतलेल्या चादरींची गाडी जायची. ढकलणारे मामाच असायचे. चादरींच्या मानाने गाडी फार करकरते, असं सिस्टरच एकदा त्यांना थट्टेने म्हणाल्या होत्या आणि मामा हसले नव्हते.

"पोलीस बसवतो इथे," शंकासुर हळूच म्हणाले. "आणि उद्या सचिवांना कार्यालयात बसवू नका, वॉर्डात आणा. सिस्टर, तुमच्यावर व्हॉल्व्ह बंद केल्याचा आरोप आहे ना? तो कोणीच बंद केला नव्हता."

५

दुसऱ्या दिवशी महिला वॉर्डात उभं राहायला जागा नव्हती. सचिव होत्या, अधीक्षक होते, इंजिनिअर आणि कंत्राटदार शेजारी शेजारी उभे होते. नातेवाईक दारात दाटले होते आणि त्यांच्या पुढे शिवणवालीची सासू. शंकासुरांनी आधी सिस्टरांना सांगून प्रत्येक पेशंटला राखीव नळकांड्यावर घेतलं. एक रिकामी खाट तेवढी भिंतीच्या ऑक्सिजनला जोडलेली राहिली. तिच्या उशाच्या बाटलीत बुडबुडे येत होते. आवारात यंत्र घरघरत होतं.

शंकासुरांनी दाराबाहेरच्या पेटीचं सील फोडून सचिवांना व्हॉल्व्ह दाखवला.

"रंग घटनेच्या आदल्या दिवशीचा आहे. इंजिनिअरसाहेबांनी घटनेच्या दिवशी हा दांडा दोन्ही हातांनी फिरवला म्हणतात. तुम्ही फिरवून बघा."

सचिवांनी दांडा जरासा हलवला. कर्र आवाज झाला, सांध्यावरचा रंग तडकला आणि पिवळे टवके त्यांच्या बोटांवर पडले. दांडा पूर्ववत करायला त्यांना कोणी सांगायची गरज पडली नाही.

इंजिनिअर म्हणाले की घाईत कदाचित नजरचूक झाली असेल. उचलली जीभ लावली टाळ्याला, पण आता टाळूही साथ देईना. शंकासुरांनी समजावून सांगितलं. व्हॉल्व्ह उघडाच होता, तरी ऑक्सिजन आला नाही. म्हणजे पाइपात तो पलीकडूनच आला नाही. पण यंत्र तर अखंड चालू होतं, आवाज मंत्र्यांनीही ऐकला होता. मग यंत्र आणि वॉर्ड यांच्यामध्ये पाणी मुरत होतं कुठे? त्याच सकाळी, वर्षानुवर्षं उघडलेलंच नाही असं सांगितलेलं एक दार खांद्याने धडका मारून कोणीतरी उघडलं होतं. मंत्र्यांसाठी सगळ्याला रंग फासायचा या घाईत ते दार आदल्या संध्याकाळी चौकटीला चिकटून बसलं. ज्याला पहाटे आत जायचं होतं त्याला जाता आलं नाही, आणि ओरडून मदत मागण्याचीही सोय नव्हती.

"मामा," शंकासुर वळून म्हणाले, "बोलणार का मी बोलू?"

मामा सचिवांशी बोलले नाहीत. सिस्टरांशी बोलले. "ताई, यंत्र जुनं आहे. दुसरीकडून आणून वरून रंगवलंय. त्यातून नुसती हवा येते. पहिल्याच महिन्यात कळलं तेव्हा कंत्राटदार आणि इंजिनिअर, हे दोघं म्हणाले, पाइप तोडून भंगारखोलीत आणू, तिथे नळकांडी लावू, तू चादरींच्या गाडीतून लपवून आणून बदलत जा, कोणाला कळणार नाही. मी पोटासाठी हो म्हटलं. त्या दिवशी दार उघडेना. आत नळकांडी संपत आलेली, बाहेर तुमची माणसं. मी खांदा मोडेपर्यंत धडका दिल्या, ताई."

"आणि मला निलंबित केलं तेव्हा?" सिस्टरांनी विचारलं.

मामांनी खाली पाहिलं. सिस्टर शेजारच्या खाटेची नळी तपासायला वळल्या.

कंत्राटदार मात्र हसला. चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात ते तेव्हा ऐकायला मिळालं. नोकराने पैसे खाल्ले, आता मालकाचं नाव घेतोय, यंत्र उत्तम आहे, कोणत्याही तज्ज्ञाला बोलवा, महिनाभरात अहवाल येईल.

"तज्ज्ञ कशाला?" शंकासुर म्हणाले. "बाटली आहे की."

एक पोलीस मामांना घेऊन भंगारखोलीत गेला. शंकासुरांच्या सांगण्यावरून मामांनी तिथली नळकांडी एकामागून एक बंद केली. सगळ्यांच्या नजरा रिकाम्या खाटेच्या उशाशी खिळल्या. बुडबुडे बारीक झाले, मग तुटक झाले, मग पाणी नुसतं पाणी राहिलं. आवारातलं यंत्र तेवढ्याच जोरात घरघरत होतं.

कंत्राटदार म्हणाला, यंत्राला तापायला वेळ लागतो.

शंकासुरांनी एक स्टूल ओढून घेतलं आणि बसले. सचिवही बसल्या. नातेवाइकांनी जमिनीवर बैठक मारली. वाट बघायला कोणाचीच हरकत नव्हती. यंत्र गुरगुरत राहिलं आणि पाणी ढिम्म हललं नाही. शेवटी शिवणवालीची सासू उठली, खाटेजवळ गेली आणि बाटलीवर बोटाने टिचकी मारली.

"तापलं का हो?" तिने कंत्राटदाराला विचारलं.

आधी कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळा वॉर्ड हसला, नळ्या लावलेल्या बायकासुद्धा. त्या हसण्याखाली कंत्राटदाराचा उरलासुरला आव गळून पडला. इंजिनिअरांनी भिंतीचा आधार घेतला आणि सगळं यांच्याच डोक्यातून आलं असं सांगायला सुरुवात केली. दोघांची तिथेच जुंपली, आणि पोलिसांनी ते भांडण शब्दन् शब्द टिपून घेतलं.

६

सचिवांनी कंत्राट रद्द केलं, कंत्राटदाराचं नाव काळ्या यादीत टाकलं आणि दोघांना पोलिसांच्या गाडीत बसवलं. मामाही गेले, पण साक्षीदार म्हणून. अधीक्षकांनी मोठ्या सिस्टरांना आपल्या खोलीत बोलावलं, निलंबन मागे घेतल्याचा कागद पुढे सरकवला आणि झालं गेलं विसरून जा म्हणाले.

सिस्टरांनी कागदाला हात लावला नाही. "हुकूम वॉर्डात वाचला होतात. हाही वॉर्डातच वाचा."

अधीक्षकांनी सचिवांकडे पाहिलं. सचिव खिडकीबाहेर बघत होत्या. मग अधीक्षक वॉर्डाच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी कागद वाचला, पहिल्यांदा इतका पुटपुटत की शंकासुरांनी कान पुढे केला. दुसऱ्या खेपेला शेवटच्या खाटेपर्यंत ऐकू गेलं. सासूबाईंनी सिस्टरांचा हात दोन्ही हातांत धरला आणि त्या रडल्या, आणि सिस्टरही रडल्या, इतके दिवस कोरडे ठेवलेले डोळे एकदाचे मोकळे झाले.

जाण्यापूर्वी सचिवांनी आणखी एक हुकूम काढला. यापुढे रुग्णालयातलं कोणतंही काम पुरं झालं असं ठरवायचं, तर ते जिथे वापरायचं त्या वॉर्डाच्या सिस्टरने स्वतः तपासून होकार दिला पाहिजे. त्याशिवाय इंजिनिअर, अधीक्षक कोणाच्याही सहीला किंमत नाही. कार्यालयातले लोक म्हणाले, असे हुकूम येतात आणि जातात. मोठ्या सिस्टरांना ते माहीत नव्हतं, किंवा माहीत करून घ्यायचं नव्हतं.

नवं यंत्र आलं, खरंखुरं. नवा पाइप भिंत फोडून सगळ्यांच्या डोळ्यांदेखत टाकला. उद्घाटनाला तेच मंत्री आले. बाहेर माणसं जमली, कॅमेरे लागले. आत सिस्टर एकेका खाटेपाशी जाऊन बाटली बघत होत्या, नळी कानाशी धरून श्वासाचा आवाज ऐकत होत्या. नवे इंजिनिअर शाळेतल्या मुलासारखे मागे मागे. दाराजवळच्या खाटेशी बुडबुडे जरा मंद वाटले. सिस्टरांनी जोड सोडायला लावला, पुन्हा बसवायला लावला आणि पुन्हा सुरुवातीपासून बघायला घेतलं.

अधीक्षक घाईघाईने आत आले. त्यांनी दबक्या आवाजात सांगितलं की मंत्री केव्हाचे उन्हात उभे आहेत, फीत धरणाऱ्यांचे हात दुखायला लागलेत, तुम्ही एकदा हो म्हणा.

सिस्टरांनी बाटलीवरची नजर काढली नाही. "थांबायला सांगा त्यांना. त्यांना श्वास घेता येतोय."

अधीक्षक बाहेर गेले आणि मंत्र्यांना जसंच्या तसं सांगण्यावाचून त्यांना काही सुचलं नाही. मंत्री थांबले.